'फँड्री' पाहून लिहिलेले निबंध

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा चित्रपट दाखवायचा आणि मग मुलांना विषमतेविरुद्ध, वाचणाऱ्याला पटेल असे लिहायला सांगायचे, हा उपक्रम चांगला आहे. महाड-पोलादपूरकडच्या आंबेनळी परिसरातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले असे काही निबंध आमच्या वाचनात आले. चित्रपट मुलांना भिडला होता यात शंका नाही. पटवून देण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक निबंध लंगडे होते. 'जातिभेद ही समाजाला लागलेली कीड आहे' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले की शेवटी कीड तेवढी लक्षात राहिली. बऱ्याच जणांनी दोन परिच्छेदांत अमेरिकेतील वर्णद्वेष आणि नेल्सन मंडेला आणले. दूरच्या अन्यायाचा निषेध करायला फारसे काही पडत नाही.

याचा थोडा दोष चित्रपटाकडेही जातो. जब्याला छळणारी माणसे त्यात केवळ क्रूर आहेत. ती हसतात, चिडवतात, भिंतीवर बसून डुकरे पकडण्याचा तमाशा पाहतात. आपण असे का वागतो, हे त्यांच्यापैकी कोणी बोलत नाही. त्यामुळे पाहणारा मुलगा विनासायास जब्याच्या बाजूला जाऊन बसतो. प्रत्यक्ष गावात विषमता टिकते ती टवाळखोरांमुळे कमी आणि 'रीतच आहे, आम्ही काय करणार' असे म्हणणाऱ्या सज्जनांमुळे जास्त. ही सज्जन मंडळी चित्रपटात ठसत नाहीत. म्हणून निबंधातही त्यांना उत्तर नाही.

तरीही चित्रपटात युक्तिवाद नाही असे नव्हे. डुक्कर हाताशी आलेले असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, मग सारे कुटुंब थांबते आणि डुक्कर निसटते. जो देशाचा मान राखतो त्याचा मान गाव राखत नाही, हे एका वाक्याचाही संवाद न घालता सिद्ध होते. तसाच शेवटचा दगड. तो 'समाजावर' पडला असे मुलांनी लिहिले. पण दगड येतो तो कॅमेऱ्याच्या रोखाने, म्हणजे जिथे प्रेक्षक बसला आहे तिथे. निबंध लिहिणाराही तिथेच बसला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पटवून देणे म्हणजे काय, हे पाहायला या मुलांना लांब जायचे कारण नव्हते. चवदार तळे त्यांच्याच तालुक्याशेजारी, महाडात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुलेही केले, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांना मारहाण झाली, आणि पंचगव्य घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. (स्पर्श होण्यापूर्वी आणि नंतर पाण्याचा कोणता गुणधर्म बदलला, हे विज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगे आहे.) डिसेंबर १९२७ च्या परिषदेत आंबेडकरांनी प्रतिपक्षाचे वागणेच पुरावा म्हणून मांडले: इतर धर्मांची माणसे या तळ्याचे पाणी पितात, पशुपक्षी पितात, त्यांना कोणी अडवत नाही. मग अडचण पाण्याची नाही, हे उघड झाले. विरोधक न्यायालयात गेले ते पूर्वापार रूढीचा आधार घेऊन. ही रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. 'रीतच आहे' म्हणणाऱ्याला 'केव्हापासून, आणि पुरावा काय' असे विचारता येते, एवढे जरी मुलांच्या हाती लागले तरी त्यांचे निबंध बदलतील.

दोन-तीन निबंधांत विज्ञानाची साक्ष काढली होती: सर्वांचे रक्त लालच असते. हे खरे, पण रक्त शेळीचेही लालच असते. याहून भक्कम पुरावा आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आंबेडकरांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे घेतले. ज्या शास्त्राच्या जोरावर लोक उच्चनीच वंश ठरवत होते, त्याच शास्त्राच्या आकड्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, हे त्यांनी दाखवले. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ साली दाखवले की माणसामाणसांतील जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता एकेका लोकसमूहाच्या आतच असते. भारतातील लोकसमूहांची सरमिसळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत होत होती, असा २०१३ सालच्या एका जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे आपापल्या जातीतच लग्न करण्याचे कडक बंधन सृष्टीइतके जुने नाही.

मात्र येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. समतेचा हक्क नाकाच्या मापावर उभा केला, तर उद्या माप वेगळे निघाल्यास हक्कही जाईल. वंश वेगळा असता तरी तळ्यावरची मारहाण न्याय्य ठरली नसती. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या निबंधात आंबेडकरांनी हेच बजावले आहे: माणसे गुणांनी सारखी नसली, तरी त्यांना समान वागवणे हेच तत्त्व धरावे लागते. विज्ञान खोटी सबब खोडून काढते. हक्काचा युक्तिवाद वेगळा करावा लागतो, आणि तो भाषेच्या तासाचा विषय आहे.

वाचलेल्या गठ्ठ्यात एक निबंध जेमतेम पानभर होता. आपल्या वाडीत लग्नाच्या पंगतीला कोण केव्हा बसते आणि शेवटच्या पंगतीला काय उरलेले असते, एवढेच त्या मुलीने क्रमाने लिहिले होते आणि खाली प्रश्न केला होता: असे केव्हापासून? महापुरुषाचे नाव नाही, सुविचार नाही, शुद्धलेखनाच्या सात चुका. त्या निबंधाला दहापैकी चार गुण मिळाले होते.