वस्तऱ्याचा पाठ

उघडा वस्तरा प्रथमच हाती घेणाऱ्याची नजर धारेवर खिळते. पण त्याच्या घडणीचा रस घ्यायचा, तर आपण आरंभ पाठीपासून करावा. पात्याची पाठ जाड, भक्कम. तिथून दोन्ही अंगांनी पोलाद खोलगट होत, निमुळते होत, धारेपाशी जणू विरून जाते. शेफील्ड आणि झोलिंगन ही शहरे ज्या वस्तऱ्यांमुळे नावाजली, त्यांच्यातले हे कौशल्य डोळ्यांना नव्हे, हाताला आधी कळते. पाते सिल्लीवर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि धारेचा कोन आपोआप साधतो. नवशिक्याला तो अंदाजाने तोलावा लागत नाही. जी पाठ स्वतः कधीच कापत नाही, तिनेच धारेला वळण लावावे, ही योजना किती हृद्य आहे!

चामड्याच्या पट्ट्यावरही मान पाठीचाच. तिथे पाते फिरते ते पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, म्हणजे दाढी करतानाच्या चालीच्या नेमके उलट. टोकाशी आल्यावर ते उलटायचे तेही पाठीवरूनच, म्हणजे चामडे कापले जात नाही आणि धारही दुखावत नाही. इथे नवी धार घडत नाही. आहे तीच सूक्ष्म कड पुन्हा सरळ रेषेत येते. पॅरिसमधील चाकू-वस्तरे घडवणारा कारागीर जाँ-जाक पेरे याने १७६९ साली ‘पोगोनोतोमी’ हे पुस्तक लिहिले, स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याच्या कलेवर; आणि धार लावण्याचे दगड पारखणे, पट्ट्याचे चामडे सिद्ध करणे यांना त्याने पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच स्थान दिले. दाढी गालावर सुरू होण्याआधीच सुरू झालेली असते, हे त्या जाणत्या कारागिराला पुरते ठाऊक होते.

मग पाणी, साबण आणि फेस. ओला केस पाणी पिऊन मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो, म्हणून ही भिजवण निवांत होऊ द्यावी. वस्तरा एका हातात, पण निम्मी विद्या दुसऱ्या हाताची: तो कानापाशी त्वचा हळुवार ताणून धरतो आणि पात्यासाठी सपाट वाट तयार करतो. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांनी कललेले. त्याहून उभे झाले तर धार त्वचेत रुतू पाहते, फारच आडवे झाले तर केस ओढले जातात. दाब मात्र द्यायचाच नाही. पात्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. कोन अचूक जुळला की पातळ पाते केस छाटताना बारीक किणकिणते, आणि आपला कान त्या नादावरून हाताची परीक्षा करू लागतो. स्पर्श, दृष्टी आणि श्रुती यांची अशी एकतानता रोजच्या किती कामांत लाभते?

आणि शिकण्याचा क्रमही किती समंजस! पहिल्या दिवसांत फक्त गाल, तोही केसांच्या कलाने, सुलट्या हाताने. उरलेली दाढी खुशाल नेहमीच्या रेझरने करावी. गालाचे सपाट मैदान सरावले की जबड्याची वळणे, मग मान, जिथे केसांच्या दिशा बोटभर अंतरावर बदलतात आणि आधी बोटांनी चाचपून घ्याव्या लागतात. हनुवटी आणि वरचा ओठ त्यानंतर. उलटा हात सर्वांत शेवटी. या क्रमात कुठलीही पायरी अपुरी वाटत नाही, कारण नीट साधलेल्या एका गालावरही कोन, ताण आणि हलकेपणा या तिन्ही गोष्टी पूर्णपणे अवतरलेल्या असतात. म्हणून नवशिक्याच्या वाट्याला येणारा आनंद थोडा असला, तरी तो उस्तादाच्याच जातीचा असतो.