वशीकरणाची नवी परिभाषा

नील स्ट्रॉस या अमेरिकन पत्रकाराचा ‘द गेम’ हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी स्त्रीला अल्पावधीत अनुकूल करून घेण्याची ‘विद्या’ शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या पुरुषांच्या एका पंथाचा हा आत्मपर वृत्तान्त होय. हे लोक स्वतःस ‘पिकअप आर्टिस्ट’ म्हणवितात. त्यांच्या विद्येत संमोहनाला जे स्थान दिले जाते, तेवढ्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

संमोहनाची ही कल्पना या पंथात मुख्यतः रॉस जेफ्रीज याने रुजविली. तिची वंशावळ पाहण्याजोगी आहे. मिल्टन एरिक्सन हे मनोविकारतज्ज्ञ रुग्णास उघड आज्ञा न देता गोष्टींच्या व द्व्यर्थी वाक्यांच्या ओघात सूचना देत. बँडलर व ग्रिंडर यांनी १९७५ साली त्यांच्या भाषेचे विश्लेषण प्रसिद्ध केले; ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ ही त्या दोघांचीच प्रणाली. जेफ्रीजने ती उपचारगृहातून उचलून उपाहारगृहात नेली. या स्थलांतरात एक गोष्ट मात्र वाटेत गळाली. एरिक्सनकडे येणारा रुग्ण स्वेच्छेने, स्वतःच्या दुःखनिवारणार्थ येत असे. येथे आपल्यावर काही प्रयोग चालला आहे हेच त्या स्त्रीला ठाऊक नसते.

जेफ्रीजने एका वेट्रेसवर केलेला प्रयोग स्ट्रॉसने वर्णिला आहे. आकर्षण मनात कसे उत्पन्न होते हे तो तिला आठवावयास लावतो आणि ती भावना साखरेच्या एका पुडीशी जोडतो. लेखक प्रभावित होतो. पण ग्राहकाशी हसून बोलणे हा जिच्या चाकरीचाच भाग आहे आणि अमेरिकेत जिची मिळकत बरीचशी बक्षिसीवर अवलंबून असते, तिच्या प्रतिसादावरून संमोहन सिद्ध कसे व्हावे? मार्टिन ऑर्न व फ्रेडरिक इव्हान्स यांच्या १९६५ च्या प्रयोगात संमोहित व्यक्ती धोक्याची कृत्ये करावयास तयार झाल्या खऱ्या; परंतु संमोहनाचे केवळ सोंग करणाऱ्यांनीही तीच कृत्ये केली. प्रसंगाची अपेक्षाच माणसाकडून पुष्कळ काही करवून घेते. बँडलर-ग्रिंडरप्रणालीच्या दाव्यांनाही अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९८८ च्या अहवालात पुराव्याचा आधार आढळला नाही.

मग हा सारा प्रकार निरुपद्रवी समजावा काय? आमच्या मते नाही. १७८४ साली फ्रान्समध्ये मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करणाऱ्या मंडळात फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. तसा कोणताही द्रव अस्तित्वात नाही, हा निर्णय त्यांनी जाहीर केला. त्याखेरीज त्यांनी राजास एक गुप्त अहवाल सादर केला. पुरुष उपचारक व स्त्री रुग्ण यांच्या दीर्घ सान्निध्यातून नीतीला धोका संभवतो, असा इशारा त्यात होता. (त्यातील स्त्रीस्वभावाविषयीची मते आज कोणी मान्य करणार नाही, ही गोष्ट वेगळी.) द्रव खोटा, धोका खरा, हा त्यांचा विवेक ‘द गेम’च्या अनेक वाचकांत दिसत नाही. नकाराला परीक्षा समजणे, मैत्रिणींपासून तिला अलग काढणे, विचारास अवसर न देणे, हा दबाव साधाच आहे. त्याला मोहनिद्रा लागत नाही. संमोहनाची परिभाषा त्याला शास्त्राचा मुलामा देते आणि संमतीचा प्रश्न कौशल्याचा प्रश्न बनून जातो. आपल्याकडे याला वशीकरण म्हणतात, आणि त्या शब्दात निदान हेतू तरी लपत नाही.

स्ट्रॉस आंधळा नाही. पंथाचा नायक ‘मिस्टरी’ मनाने पूर्ण खचलेला आहे, या दृश्यानेच त्याने ग्रंथाचा आरंभ केला आहे. तथापि साखरेच्या पुडीचा प्रसंग आपल्यापर्यंत पोचतो तो प्रयोगकर्त्याच्या समोर बसलेल्या त्याच्या चाहत्याकडून. टेबल पुसून घरी गेल्यावर त्या वेट्रेसने तो कसा सांगितला असता, हे ग्रंथात कोठेही नाही.