लोहाराचा गाळा आणि मथर यांचा तक्ता

छोट्या वर्कशॉपच्या लेआउटवरचा कुठलाही पेपर उघडा, रिचर्ड मथर यांचं नाव भेटणारच. 1961 मध्ये त्यांचं ‘सिस्टिमॅटिक लेआउट प्लॅनिंग’ आलं आणि तेव्हापासून ही पद्धत साबण कारखान्यापासून हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे लावली गेली. पद्धत तशी सोपी आहे. कामाच्या जागांची यादी करायची. कोणती जागा कोणाजवळ हवी हे ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांनी ठरवायचं. ‘ए’ म्हणजे अगदी शेजारी, ‘यू’ म्हणजे फरक पडत नाही. ज्या दोघांना लांबच ठेवायचं त्यांना ‘एक्स’. मग कुठून कुठे किती माल जातो ते मोजायचं, त्याला अंतराने गुणायचं, आणि बेरीज सगळ्यात कमी येईल तो नकाशा निवडायचा.

ही पद्धत बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लोहाराच्या दुकानाला लावली तर? धरू या, 10 बाय 15 फुटांचा भाड्याचा गाळा आहे. पुढे 10 फूट उंचीचं शटर, वर स्लॅब. भट्टी, ऐरण, पाण्याची टाकी, ग्राइंडर आणि वेल्डिंगचं मशीन एवढंच सामान. गणित पाच मिनिटांत होतं, आणि माझ्या मते चुकीचं होतं.

कारण या गणितात वजनदार मालाचा प्रवास महाग आणि हलक्याचा स्वस्त धरलेला असतो. तापलेल्या लोखंडाच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे. 950 अंशांना तापलेली 4 मिलिमीटर जाडीची पट्टी भट्टीतून बाहेर काढली की नुसत्या प्रारणाने सेकंदाला साधारण 10 अंश गमावते. (हा माझा ढोबळ हिशोब. पृष्ठभागाची उत्सर्जकता 0.8 धरली आहे.) पहारीची 25 मिलिमीटरची चौरस सळई त्याच तापमानाला सेकंदाला जेमतेम 3 अंश गमावते. आणि खुरप्याची धार 2 मिलिमीटरवर आली की हा आकडा 20 अंशांवर जातो. म्हणजे पहार जड असली तरी ती थांबू शकते. खुरपं हलकं आहे, पण त्याला वेळ नाही.

950 ते 800 अंश ही ठोकायची सोयीची पट्टी मानली, तर 4 मिलिमीटरच्या पट्टीला जेमतेम 20 सेकंद मिळतात. थंड ऐरणीला टेकली की त्याहूनही कमी. त्यातले 3 सेकंद भट्टीपासून ऐरणीपर्यंत चालण्यात गेले, तर सुरुवातीलाच 30 अंश गेले. मग तुकडा एकदा जास्त भट्टीत जातो. दर फेरीला कोळसा लागतो, पापुद्रा सुटतो, आणि धारेतला कार्बन थोडा जळतो. कोयत्याची धार लवकर बसली की गिऱ्हाईक ‘लोखंडच हलकं’ म्हणून मोकळं होतं.

परतीचा प्रवास मात्र फुकट आहे. गार झालेला तुकडा पुन्हा भट्टीत टाकायला 3 सेकंद लागले काय आणि 6 लागले काय. तक्त्यात जाणं आणि येणं एकाच भावाचं, हीच अडचण.

जुन्या बैठ्या मांडणीला अडाणी म्हणण्याआधी हे बघायला हवं. लोहार जमिनीवर बसलाय, एका हाताला भट्टी, समोर लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली ऐरण, घण मारणारा पलीकडे उभा. चालायचं अंतर शून्य. रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी तर हे सगळं एका गाडीत घेऊन फिरत आले. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, पण सेकंदाचा हिशोब पक्का होता. आता याचं कौतुक करत बसायचीही गरज नाही. बसून काम केल्याने गुडघे जातात आणि धूर थेट तोंडावर येतो. मी उभ्या मांडणीच्या बाजूने आहे. ऐरणीचा माथा मुठीच्या उंचीवर असावा, पुस्तकं सांगतात ते बरोबरच आहे. पण भट्टी नुसतं वळल्यावर हाती यावी, तीन पावलांवर नको.

दुसरी गोष्ट तक्त्यात मावतच नाही, ती म्हणजे उजेड. लोहार रंग बघून तापमान ओळखतो आणि हे रंग दोन जातींचे आहेत. भट्टीतल्या लोखंडाचा लाल-नारिंगी रंग हा त्याचा स्वतःचा प्रकाश असतो. अंधारात तो 525 अंशांच्या आसपास दिसायला लागतो, उन्हात बराच वर गेल्यावर. उन्हात काम करणारा माणूस लोखंड हमखास जास्त तापवतो. पाणी देताना मात्र उलटं. कोयत्याची फक्त धार बुडवायची, पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे सरकू द्यायची, आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर रंग पळताना बघायचे: आधी गव्हाळ, मग जांभळा, 300 अंशांजवळ निळा. हे ऑक्साइडच्या पातळ थराचे रंग. ते दिसायला चांगला दिवसाचा उजेड लागतो. म्हणजे भट्टी सावलीत हवी आणि पाण्याची टाकी उजेडात, तरीही दोन्ही जवळ. ‘ए’ लिहून हे कसं सांगणार?

आता आपला रस्ता. पाटसकडून येणारा तुकाराम महाराजांचा पालखी मार्ग बारामतीनंतर भवानीनगर, निमगाव केतकी करत इंदापूरला जातो, म्हणजे ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यामुळे कडेच्या गाळ्यांची तोंडं एकतर उत्तरेला किंवा दक्षिणेला. डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. दक्षिणमुखी गाळ्यात 10 फुटी शटरमधून ऊन जवळपास 9 फूट आत येतं. 15 फुटांपैकी 9! आणि हाच उसाचा हंगाम, कोयत्यांना पाणी द्यायचे दिवस. उत्तरमुखी गाळ्यात हिवाळ्यात ऊन येतच नाही, जूनमध्ये दुपारी आलं तर फूटभर.

मग दक्षिणमुखी गाळ्यात भट्टी मागच्या 6 फुटांत न्यावी? तिथे धूर अडतो. दगडी कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. वर भाडेकरू राहत असेल तर स्लॅब फोडून धुराडं काढता येत नाही. मागच्या भिंतीतून पत्र्याचा पाइप काढून छताच्या वर नेता येतो, पण त्याला मालकाची परवानगी लागते. म्हणून भट्टी दारात येते, उन्हात. भेट देणाऱ्या इंजिनिअरला ती ‘अशास्त्रीय’ वाटते.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, 5 ते 7 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, आणि 5 टक्क्यांनी आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. माझा आक्षेप रकमेवर नाही. अवजारांची वेगळी बाब आहे, जागेची नाही. कर्जातून धुराडं बांधता येईल, पण कर्ज काढून दुसऱ्याच्या भिंतीत कोण पाइप बसवेल?

मथर यांना एक श्रेय द्यायलाच हवं. ‘एक्स’ हे अक्षर या गाळ्यांत भिंतीवर रंगवून ठेवावं असं आहे. आता बहुतेक लोहार फॅब्रिकेशनही करतात, गॅस कटिंगचे सिलिंडर आत येतात आणि जागा नाही म्हणून भट्टीशेजारीच उभे राहतात. ग्राइंडरच्या ठिणग्याही तिकडेच. सिलिंडर बाहेर, सावलीत, साखळीने बांधलेले हवेत. तिथे सहसा 6 मीटरच्या पट्ट्या टेकवलेल्या असतात. 15 फुटी गाळ्यात त्या मावत नाहीत. पट्टी विकत घेतानाच दुकानदाराकडून अर्धी कापून आणली की ही जागा रिकामी होते.