लसूण, गुठळी आणि पुरावा

पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज लसणाच्या दोन पाकळ्या खाव्यात, आले-हळदीचा काढा घ्यावा, असा सल्ला घरगुती उपचारांच्या लेखांतून वारंवार दिला जातो. 'हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे' अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. या पुस्तीत कितपत तथ्य आहे, ते पाहू.

लसणातील काही संयुगांमुळे परीक्षानळीत रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना कमी चिकटतात, हे खरे आहे. हृदयाच्या धमनीतील गुठळीत या बिंबिकांचा वाटा मोठा असतो. पायाच्या खोल शिरांतील गुठळी मात्र वेगळी असते. तेथे रक्त मंदावते आणि फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अंथरुणाला खिळला की हा धोका वाढतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर प्राणावर बेतते. परीक्षानळीत बिंबिकांवर दिसलेला परिणाम पायातील शिरेला परस्पर लागू करणे, ही या लेखांतील मूळ चूक आहे.

वनस्पतींत औषध नसते, असे आम्हाला म्हणायचे नाही. १९२०च्या दशकात अमेरिका व कॅनडात 'स्वीट क्लोव्हर'चा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील द्रव्य, डायकुमरॉल, वेगळे केले. गंमत अशी की ताज्या चाऱ्यातील कुमारिन रक्ताचे गोठणे रोखत नाही; बुरशीमुळे त्याचे डायकुमरॉल होते. याच संशोधनातून वॉर्फरिन आले. ते १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ पासून माणसांवरील उपचारासाठी वापरात आले. मात्रा जरा कमी झाली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांचे रक्त आजही वरचेवर तपासावे लागते. काढ्यात कोणते द्रव्य किती उतरले, हे कोण मोजते?

भाजी-आमटीतील लसणाला आमची हरकत नाही. पण काढ्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध सोडणे जिवावर बेतू शकते. त्या औषधाबरोबर लसणाच्या किंवा जिन्कोच्या गोळ्या परस्पर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

असा लेख वर्गात आला, तर शिक्षकांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. परिणाम नळीत दिसला की माणसात? कोणत्या गुठळीवर? तुलनेसाठी उपाय न घेतलेला गट होता का? उत्तरे विद्यार्थ्यांनीच शोधावीत.