नाटक आणि उपाहार

आमच्या नाट्यसमीक्षेनें आजवर नाटककाराचा, नटाचा, संगीताचा, नेपथ्याचा आणि प्रकाशयोजनेचाहि पुष्कळ विचार केला आहे. परंतु ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप चालतो त्या प्रेक्षकाच्या पोटाचा विचार तिनें क्वचितच केला असेल. हा विषय टीकेच्या दृष्टीनें हलका आहे अशी यामागें समजूत असावी. ती बरोबर नाहीं असें मला वाटतें. प्रेक्षक रंगमंदिरांत शिरतो तो केवळ डोळे, कान आणि बुद्धि घेऊन शिरत नाहीं. त्याची भूक किंवा त्याची तृप्ति त्याच्याबरोबर आंत येते, आणि नाटकाला तिच्याशीं झगडावें लागतें. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांत हा झगडा कसा चालतो व त्यांत नाटकाचें हित कशांत आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

या विचारास भरतमुनींचाच आधार आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रसाची उपपत्ति सांगतांना मुनींनीं जो दृष्टांत घेतला आहे तो स्वयंपाकघरांतला आहे. नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खाणारा सुमनस्क पुरुष जसा त्यांतील रसाचा आस्वाद घेतो, तसाच प्रेक्षक अभिनयानें प्रकट झालेल्या भावांचा घेतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. टीकाकारांनीं यांतील 'रस' या शब्दावर ग्रंथ लिहिले. 'सुमनस्क' या शब्दाकडे तितकें लक्ष गेलें नाहीं. अन्न उत्तम असून भागत नाहीं. खाणाराचें मनहि ठिकाणावर असावें लागतें. उपाशी प्रेक्षक आणि तुडुंब जेवलेला प्रेक्षक हे दोघेहि रसास पारखे होतात. पहिला घड्याळाकडे पाहतो, दुसरा डुलक्या घेतो.

शिवाय हा कांहीं आपल्याच लोकांचा विषय नव्हे. जपानांत काबुकी नाटकाच्या दोन अंकांच्या मधल्या वेळीं खावयाच्या डब्यास 'माकुनोउची', म्हणजे 'पडद्यांच्या मधला', असें नांवच पडून गेलें आहे. लंडनमध्यें शेक्सपिअरच्या काळच्या 'रोझ' नाट्यगृहाचे अवशेष १९८९ सालीं उघडकीस आले, तेव्हां तेथील मातींत कठीण कवचीच्या फळांचीं टरफलें विपुल सांपडलीं. जगांतील श्रेष्ठ नाटकें लोकांनीं तोंड हालवीत पाहिलीं आहेत. प्रश्न खावें कीं न खावें हा नसून केव्हां, कोठें आणि किती वेळ बसून खावें, हा आहे.

३१ ऑक्टोबर १८८० या दिवशीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला. तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें संगीत नाटक म्हणजे रात्र जागविण्याचा मामला असे. मंडळी घरून जेवून येत. अंक अनेक, म्हणून विश्रांतीहि अनेक. आजचें नाटक बहुधा दोन अंकांचें आणि सुमारें अडीच तासांचें असतें, विश्रांति एकच. या एकुलत्या विश्रांतीनें नाटकाची रचनाच बदलून टाकली आहे. पहिल्या अंकाचा शेवट एखाद्या पेंचावर करावा, म्हणजे प्रेक्षक तो पेंच मनांत घोळवीत बाहेर पडेल, असा लेखकाचा हिशेब असतो. प्रत्यक्षांत दिवे लागतात न लागतात तोंच तळणाचा वास येतो, आणि नायिकेचें पुढें काय होणार या चिंतेची जागा वडे संपले तर नसतील ना ही चिंता घेते! मध्यंतरांतला बटाटेवडा ही मराठी रंगभूमीवरील एक संस्था झाली आहे. त्याच्या चवीविरुद्ध माझी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती रांगेविरुद्ध. पंधरा मिनिटांपैकीं दहा रांगेंत जातात, उरलेल्या पांचांत जीभ भाजून घ्यावयाची, आणि घंटा झाली कीं बोटें पुसत धांवावयाचें. पहिल्या अंकाविषयीं चार शब्द बोलण्यास अवकाश उरतो कोठें?

नाटकाच्या आधींचें खाणें त्या मानानें अधिक निवांत, आणि त्या बाबतींत ठाण्याचें गडकरी रंगायतन भाग्यवान आहे. १९७८ सालीं हें नाट्यगृह उभें राहिलें तें मासुंदा तलावाच्या कांठीं, जुन्या गांवाच्या भर वस्तींत. स्टेशन, बाजार, तलावपाळीचा फेरफटका आणि नाटक हीं सारीं पायीं चालण्याच्या टापूंत आलीं. मामलेदार कचेरीच्या शेजारची मिसळ याच टापूंतली. कचेरीचें नांव मिसळीनें उसनें घेतलें, आणि आज मिसळीच्या नांवावरून लोकांस कचेरीचा पत्ता सांगावा लागतो. तिखटाच्या पायऱ्या तेथें गिऱ्हाइकानें स्वतः निवडावयाच्या असतात. दुपारच्या प्रयोगापूर्वीं मधली पायरी पत्करावी असें माझें मत आहे. कारण सर्वांत वरच्या पायरीवरची तर्री घेतलेल्या माणसास पहिल्या प्रवेशांतल्या करुणरसाची गरज राहत नाहीं, त्याच्या डोळ्यांस पाणी अगोदरच आलेलें असतें. ज्यास बसावयास वेळ नाहीं त्यानें नौपाड्यांत गजाननचा वडापाव आणि त्यासोबतची बेसनाची पिवळी चटणी घ्यावी. पेयाविषयीं बोलावयाचें तर, ज्या गडकऱ्यांनीं 'एकच प्याला' लिहून एका प्याल्यानें केलेला संसाराचा नाश दाखविला, त्यांच्याच नांवाच्या मंदिराबाहेर लोक चहाचे प्याल्यामागून प्याले रिचवितात; पण या प्याल्यानें कोणाचा सुधाकर झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

कल्याण-डोंबिवलीची गोष्ट निराळी आहे. या शहरांचें जीवन आगगाडीनें घडविलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं गाडी ठाण्यापर्यंत आली, १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचली. आणि पुढें येथील माणसाचा दिवस तिच्या वेळापत्रकानें कापला जाऊं लागला. कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर झाल्यामुळें नाटकासाठीं दादर किंवा ठाणें गांठण्याची सक्ति टळली खरी. पण नोकरी मुंबईंतच राहिली. साडेसातला गाडींतून उतरणाऱ्या माणसानें साडेआठच्या घंटेपूर्वीं जेवावें कसें? कल्याणकर याचें उत्तर खिडकी वड्यानें देतो. घराच्या खिडकींतून विकला जाई म्हणून त्यास हें नांव मिळालें, आणि हातांत घेऊन चालतां चालतां खाण्याचा तो पदार्थ आहे.

डोंबिवलीनें दिलेलें उत्तर मला अधिक महत्त्वाचें वाटतें. तें म्हणजे पोळीभाजीचें दुकान. हीं दुकानें नाटकवाल्यांसाठीं निघालीं नाहींत. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरांची गरज म्हणून तीं निघालीं. परंतु नाटकावर त्यांचे उपकार आहेत. जेथें रात्रीचा स्वयंपाक घरच्या बाईनेंच केला पाहिजे असा दंडक असतो, तेथें रात्रीच्या प्रयोगाला घरधनी येतो आणि ती ओट्यापाशीं राहते. किंवा ती येते, पण पहिला अंकभर दमलेली असते. सहा पोळ्या आणि पावशेर भाजी विकत मिळूं लागली तेव्हां कित्येक घरांतली दुसरी खुर्ची भरली. आमच्या रंगभूमीचा इतिहास लिहिणारांनीं या दुकानांस एक परिच्छेद तरी द्यावा. सावित्रीबाईंच्या नांवाच्या रंगमंदिरांत ही गोष्ट आठवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आतां नाटकानंतरचें खाणें. आणि खरा प्रश्न येथेंच आहे. माझ्या मतें नाटक शेवटच्या पडद्याबरोबर संपत नाहीं. दोन अंकांत जें पाहिलें त्याचा निवाडा प्रेक्षक एकट्यानें करीत नाहीं. चौघे एका टेबलाभोंवतीं बसतात, एक म्हणतो शेवट पटला नाहीं, दुसरा म्हणतो त्यावांचून शेवट होताच कोठें, आणि या वादांतून नाटकाचा अर्थ तयार होतो. वर्तमानपत्रांतील परीक्षण पुढें केव्हां तरी येतें. नाटकाचें भवितव्य या टेबलावर ठरतें. त्या टेबलावरचा पदार्थ साधा असला तरी चालेल. टेबल मात्र पाहिजे. रात्रीचा प्रयोग सुटतो अकरा-सव्वाअकराला. त्या वेळीं स्वयंपाकघरें विझूं लागलेलीं असतात, आणि दूर जाणाऱ्याचें अर्धें लक्ष शेवटच्या गाडीकडे असतें. घोडबंदर मार्गाच्या बाजूस नव्या वस्तींत डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालें. तें प्रशस्त आहे, पण तेथील पुष्कळसा प्रेक्षक आपल्या गाडींतून येतो आणि आपल्या गाडींतून जातो. दार लागलें कीं चौघांचा वाद दोघांचा होतो, आणि दोघे एकाच घरचे असल्यामुळें तो बहुधा लवकर मिटतो.

यावर कोणी म्हणेल, आतां हातोहातीं दूरध्वनि आहे; मत घरीं पोंचण्यापूर्वींच शंभर जणांस कळतें. कळतें हें खरें. पण 'अप्रतिम' हा एक शब्द शंभर ठिकाणीं पाठविणें आणि 'अप्रतिम कां?' या एका प्रश्नास समोर बसून उत्तर देणें, यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्यानें नाटकाची जाहिरात होते. दुसऱ्यानें रसिक घडतो. दुसरा आक्षेप असा कीं, पुष्कळांस नाटक हें खाण्याचें निमित्त असतें. असेना! निमित्तानें आलेला माणूस पुढें हौसेनें येऊं लागतो, हें देवळांच्या जत्रांनीं पूर्वींच सिद्ध केलें आहे.

हीं चारहि नाट्यगृहें महानगरपालिकांचीं, म्हणजे आपल्याच कराच्या पैशांचीं आहेत. त्यांच्या दुरुस्तीची चर्चा होते तेव्हां खुर्च्या, ध्वनि आणि वातानुकूलन यांचा विचार होतो, व तो झालाच पाहिजे. त्यांत एक मागणी जोडावी: प्रत्येक नाट्यगृहाच्या आवारांत, प्रयोग सुटल्यावर तासभर तरी उघडें राहील असें, बसावयास बाकें असलेलें स्वच्छ उपाहारगृह असावें. पोहे, उपमा, मिसळ आणि चहा एवढें मिळालें तरी पुरे. रंगमंदिर बांधणें म्हणजे केवळ रंगमंच आणि खुर्च्या बांधणें नव्हे; पाहिलेल्या नाटकावर भांडावयास जागा ठेवणें हाहि त्या बांधकामाचाच भाग आहे.