ॲमेझॉन स्त्रिया : मिथक आणि उत्खननातील पुरावा

प्रस्तावना :
योद्धा स्त्रियांचे स्वतंत्र राज्य ही ग्रीक पुराणकथांतील एक प्रभावी कल्पना होय. होमरच्या ‘इलियड’मध्ये ॲमेझॉन स्त्रियांचा निर्देश पुरुषांच्या तोडीच्या म्हणून येतो. विसाव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात शस्त्रांसह पुरलेल्या स्त्रियांची थडगी उजेडात आली आणि ‘मिथक खरे ठरले’ असे म्हटले जाऊ लागले. हे विधान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मिथकाचे प्रयोजन :
ग्रीक कथांतील ॲमेझॉन शूर असते. परंतु तिचा शेवट ठरलेला असतो. पेंथेसिलिया अकिलीसच्या हातून मरते. हिप्पोलितीचा कमरपट्टा हेराक्लीस घेऊन जातो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पांतही (इ.स.पू. पाचवे शतक) ग्रीक व ॲमेझॉन यांचे युद्ध कोरलेले आहे. पुरुषाविना राहणारी स्त्री अखेरीस पराभूत होते, हा दिलासा ग्रीक नागरिकाला देणे हे या कथांचे एक प्रयोजन दिसते. धनुष्य ओढण्यासाठी त्या एक स्तन नष्ट करीत, ही समजूत नावाच्या काल्पनिक व्युत्पत्तीतून रूढ झाली. ग्रीक कलावंतांनी मात्र त्यांना तसे दाखविलेले नाही.

पुराव्याचे स्वरूप :
सौरोमती स्त्रिया घोड्यावर बसून शिकार व युद्ध करीत, असे हिरोडोटस लिहितो. एड्रियन मेयर यांनी २०१४ मधील आपल्या ग्रंथात ॲमेझॉन कथांमागे अशा भटक्या टोळ्यांतील वास्तव स्त्रिया होत्या, अशी मांडणी केली. रशियातील व्होरोनेझ प्रांतात देवित्सा येथे २०१९ मध्ये एकाच थडग्यात निरनिराळ्या वयांच्या चार स्त्रिया सापडल्या. सोबत भाले व लोखंडी बाणाग्रे होती. मेयर यांच्या मांडणीला यामुळे बळ मिळते. मात्र या प्रदेशातील सशस्त्र स्त्रियांची थडगी पुरुष व मुले यांच्याच दफनभूमीत आढळतात. म्हणजे पुरावा शस्त्रधारी स्त्रीला दुजोरा देतो, स्त्रीराज्याला नाही.

येथे पद्धतीचा प्रश्नही उद्भवतो. तो स्पष्ट होण्यासाठी निराळ्या काळातील एक उदाहरण पाहू. स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उत्खनित झालेले दहाव्या शतकातील शस्त्रसंपन्न थडगे दीर्घकाळ पुरुष योद्ध्याचे मानले गेले. २०१७ मध्ये जनुकीय परीक्षणाने ते स्त्रीचे ठरले. शस्त्र म्हणजे पुरुष, हे अभ्यासकांनी आधीच गृहीत धरले होते. आता ‘शस्त्र म्हणजे योद्धा’ हेही तपासाविना गृहीत धरले, तर तीच चूक उलट दिशेने होईल. अस्थींवरील जखमा, अश्वारोहणाच्या खुणा आणि दफनाचा संदर्भ एकत्रितपणे पाहणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
उत्खननाने मिथक सिद्ध केलेले नाही. त्याने मिथकाची दुरुस्ती केली आहे. ग्रीकांनी जिला समाजाबाहेरची ठरविले, ती स्त्री स्वतःच्या समाजात सन्मानाने पुरली गेली होती. तिला पुन्हा ‘ॲमेझॉन’ म्हणणे म्हणजे तिच्याकडे ग्रीकांच्याच नजरेने पाहणे होय.