त्यागाचा हिशेब : ओ. हेन्री यांच्या नाताळकथेतील दानविचार

ओ. हेन्री यांची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही कथा १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि १९०६ मध्ये 'द फोर मिलियन' या संग्रहात समाविष्ट झाली. परस्परांसाठी आपली लाडकी वस्तू विकणाऱ्या गरीब दाम्पत्याची हृद्य गोष्ट किंवा कलाटणीच्या तंत्राचा वस्तुपाठ, अशा दोन ठरीव चौकटींत तिचे वाचन होत आले आहे. या दोन्ही वाचनांतून कथेतील मूळ प्रश्न निसटतो. दानाला अर्थ प्राप्त होतो तो दात्याने जे गमावले त्यामुळे, की अन्य कशामुळे?

कथेचा प्रारंभच हिशेबाने होतो. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट आहेत. केस विकून तिला २० डॉलर मिळतात, जिमच्या घड्याळासाठी ती २१ डॉलरची साखळी घेते आणि ८७ सेंट घेऊन घरी परतते. तिच्या त्यागाचा असा पै-पैचा ताळेबंद मांडणारा निवेदक जिमच्या बाबतीत मात्र मौन पाळतो. घड्याळ केवढ्याला गेले, कंगव्यांना किती पडले, हे वाचकाला कळत नाही. शिवाय दोघांची हानीही एकजातीय नाही. केस पुन्हा वाढतात, हे डेला स्वतःच सांगते. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून जिमकडे आलेले घड्याळ मात्र कायमचे गेलेले आहे. तेव्हा 'दोघांचा त्याग समसमान' हा प्रचलित अन्वयार्थ संहितेच्या आधारावर टिकत नाही. तराजूचे एक पारडे लेखकाने रिकामेच ठेवले आहे.

समानता आहे ती वेगळ्या ठिकाणी. दुकानाच्या काचेआडचे ते कंगवे डेलाने मिळण्याची आशा न धरता कितीदा तरी न्याहाळले होते आणि जिमने ते ध्यानात ठेवले होते. घड्याळाला साखळीऐवजी जुनी चामडी वादी असल्याने जिम वेळ चोरून पाहतो, हे डेलाने टिपले होते. दुसऱ्याची अनुच्चारित इच्छा ओळखणे हाच दोन्ही भेटींचा उगम होय. म्हणूनच वस्तू निरुपयोगी ठरल्या तरी भेटी व्यर्थ ठरत नाहीत.

मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांत भेटीचा व्यवहार बसवला. येथे दोघेही परस्परांच्या नकळत देतात. त्यामुळे एकाची भेट दुसऱ्याच्या भेटीची परतफेड ठरू शकत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला परतफेडीची अपेक्षा नसणे ही अट आहे. दाम्पत्यजीवनात ती अट पाळली जाणे अवघड असते. या कथेत परस्परांविषयीचे अज्ञान ती क्षणभर शक्य करते.

शीर्षकाचे कोडेही याच दिशेने उलगडते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मागी लोक आपल्या थैल्यांतून सोने, ऊद आणि गंधरस काढून अर्पण करतात. त्यात त्यांना काही तोशीस पडल्याचा उल्लेख नाही. सर्वस्वदानाचे उदाहरण हवे असते तर मार्कच्या शुभवर्तमानात दोन नाणी टाकणारी गरीब विधवा उपलब्ध होती. तरीही ओ. हेन्री मागींनाच निवडतात. मागींचे ज्ञान देण्यात नसून ओळखण्यात आहे. सामान्य घरातील एका बालकात त्यांनी राजा पाहिला. जिम आणि डेला यांना आधी मूर्ख व नंतर सर्वांत शहाणे ठरवणाऱ्या निवेदकाची भूमिका येथे सुसंगत होते. व्यवहाराच्या दृष्टीने ती दोघे मूर्ख आहेत, तर ओळखीच्या दृष्टीने ज्ञानी.

मात्र या ज्ञानाला भाड्याच्या खोल्यांच्या चार भिंतींची मर्यादा आहे. डिकन्स यांच्या १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधील स्क्रूज क्रॅचिट कुटुंबाकडे नाव न कळवता टर्की धाडतो. त्याला त्यात फारसे सोसावे लागत नाही, परंतु त्याचे देणे घराचा उंबरा ओलांडते. ओ. हेन्री यांच्या कथेत सोसणे आहे, परका मात्र नाही. जो परका येतो तो केस विकत घेणाऱ्या दुकानदारिणीच्या रूपात, म्हणजे बाजार म्हणून. मागी तर दूरदेशातून अनोळखी घरी आले होते. शीर्षकाने सुचवलेले हे अंतर कथा पार करीत नाही. तिच्या गोडव्याचे रहस्य आणि तिच्या दानविचाराचे अपुरेपण ही दोन्ही येथेच शोधावी लागतात.